परवानगीची खोली

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘मालकी’ या कल्पनेवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाली, “सर, मालकीचं सगळं कळलं. पण मला मुलुंडला कॉलेजजवळ खोली हवी आहे, आणि परवडत नाही. त्याचं तत्त्वज्ञान काय?” आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, की प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आपण तिच्या खोलीबद्दल बोलू.

आधी पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाडं हा खर्चाचा एक तुकडा झाला. डिपॉझिट वेगळं, एजंटचं बहुधा एका महिन्याचं भाडं वेगळं. केंद्राने २०२१मध्ये जो आदर्श भाडे कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं असावं असं सुचवलं होतं. आपल्याकडे ती मर्यादा लागू नाही, मालक म्हणेल ते डिपॉझिट. आणि चौथा खर्च वेळेचा. मुंबईत ‘जवळ’ हे किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, गाडी बदलावी लागते का, यावर मोजतात. मुलुंडच्या कॉलेजला डोंबिवली एका गाडीत होते. अंधेरी नकाशावर फार लांब दिसत नाही, पण तिथून घाटकोपरपर्यंत मेट्रो आणि मग पुन्हा लोकल. २०१४मध्ये ती मेट्रो सुरू झाल्यावर अंधेरीच्या कॉलेजातल्या मुलांना घाटकोपर, असल्फा, साकीनाका हे भाग ‘जवळ’ झाले. तेव्हा खोली शोधताना आधी आपली लाइन धरावी आणि मग स्टेशन मागे मागे सरकवत जावं. विद्यार्थ्यांना रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो, त्यामुळे लांबच्या स्टेशनाने खिशाला फार भार पडत नाही. भार पडतो तो झोपेवर.

आता खऱ्या विषयाकडे येऊ. तुम्हाला खोली मिळते तेव्हा सही कशावर करता? ‘लिव्ह अँड लायसन्स’वर. यातल्या ‘लिव्ह’चा रजेशी संबंध नाही, सोडून जाण्याशीही नाही. इथे त्याचा अर्थ परवानगी. ‘लायसन्स’ म्हणजेही परवानगीच. म्हणजे एकाच कागदावर दोनदा सांगितलेलं आहे, की बाबा रे, तुला राहू देतोय. या कागदाप्रमाणे तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. दरमहा देता ते भाडं नाही, परवाना शुल्क. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण फरक मोठा आहे. भाडेकरूचा जागेत काहीएक हक्क तयार होतो. परवानाधारकाला फक्त वापराची मुभा असते. १८८२च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात परवान्याची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा, की ही मुभा नसती तर तीच कृती बेकायदा ठरली असती. म्हणजे तुम्ही तुमच्या कॉटवर पालथे पडून पुस्तक वाचताय, आणि कायद्याच्या नजरेने पाहिलं तर त्या कागदावाचून तुम्ही घुसखोर!

हे असं का झालं? मालक दुष्ट म्हणून नव्हे. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आठवा. प्रमाण भाडं १९४०च्या सुमाराच्या पातळीवर बांधलं गेलं आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. युद्ध, फाळणी, निर्वासित, गिरण्यांत येणारे लोंढे हे सगळं पाहता तेव्हा ते आवश्यकच होतं. पण पुढे वर्षानुवर्षं भाडं तिथेच राहिलं. मग मालकांनी भाड्याने देणंच थांबवलं. जे देत ते पागडी घेऊन, आणि पागडी तेव्हा गुन्हा होती. त्यातून पळवाट म्हणून ‘परवाना’ पुढे आला. भाडेकरू केलाच नाही तर भाडेकरूचा कायदा लागू कसा होणार? सरकारने हे ओळखलं आणि १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला.

त्या साली आम्ही विद्यार्थी होतो, घाटकोपर पश्चिमेला एका काकूंकडे कॉटवर राहत होतो. दोन खोल्या. आतल्या खोलीत काकू आणि त्यांचा मुलगा, बाहेर आम्ही दोघं. दिवाळीच्या आधी काकूंच्या भावाने येऊन सांगितलं, की नवा कायदा आलाय, हे दोघे आता घर बळकावणार. आठ दिवसांत आम्हाला ट्रंका उचलाव्या लागल्या. काकू रडल्या, आम्हाला चिवडा बांधून दिला, पण ठेवून घेतलं नाही. गंमत अशी, की त्याच कायद्यात पेइंग गेस्टला स्पष्टपणे वगळलेलं होतं. मालक स्वतः जिथे राहतो त्याच घराचा भाग ज्याला दिला तो पेइंग गेस्ट, त्याला हे संरक्षण नव्हतंच. म्हणजे काकूंना आमच्यापासून काडीची भीती नव्हती. पण कायदा कुणी वाचला होता? आम्हीही नव्हता वाचला. पुढे पंधरा वर्षांनी एका वकीलमित्राने दाखवला तेव्हा आम्हाला काकूंचा राग यायच्या ऐवजी त्यांची कीवच आली.

जाता जाता एक गोष्ट. पेइंग गेस्टची ती व्याख्या आजच्या कायद्यातही कायम आहे. आज उपनगरांत ज्यांना सरसकट ‘पीजी’ म्हणतात, फ्लॅटमध्ये आठ कॉट टाकलेल्या आणि मालक दुसऱ्याच इमारतीत किंवा दुसऱ्याच देशात, ते या व्याख्येत बसत नाहीत. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

सध्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याने मालकाची भीती बऱ्यापैकी काढली. मुदत संपल्यावर परवानाधारक निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मिळते, आणि तोवर दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. विद्यार्थ्यांनी हे कलम २४ लक्षात ठेवावं, परीक्षा लांबली म्हणून ते थांबत नाही. पण त्याच कायद्यात कलम ५५ आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या. उलट सिद्ध करायचं ते मालकाने.

आता लोक म्हणतात, “अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?” हा समज जुन्या काळातून आलेला आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्यानंतर तिचा उपयोग संपला, सवय मात्र उरली. खर्च म्हणाल तर समजा महिना १५,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं शुल्क अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते होतं सव्वाचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्या होतं. तिघांत वाटलं तर माणशी एका सिनेमाचा खर्च.

मग लोक का करत नाहीत? इथे आम्हाला आमचा एक विद्यार्थी आठवतो. निवृत्तीच्या शेवटच्या वर्षांतला, नांदेड जिल्ह्यातला, बौद्ध कुटुंबातला मुलगा. वडील शेतमजूर. कॉलेजपासून चालत बारा मिनिटांवर त्याला खोली मिळाली, आणि आम्हाला आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली. दीड वर्ष सुखात गेलं. मग शासनाच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचं त्याला कळलं. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. (निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६. हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांनी मुंबईत खोली शोधून पाहावी, असं आम्हाला फार वाटतं. असो.) मुलगा सगळ्या अटींत बसत होता, उत्पन्न, गुण, सगळं. अर्जाला भाड्याचा करार जोडायचा होता. तो मालकाकडे गेला. मालक म्हणाला, “अरे, कागद करता आला असता तर खोली तुला या भावात दिली असती का?” पुनर्वसनात मिळालेलं घर वाटपानंतर ठरावीक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाही. मालक स्वतः नायगावला भाड्याने राहत होता आणि या भाड्यावर त्याचं घर चालत होतं. तोही काही शेठ नव्हता.

मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, खोली स्वस्त नव्हती मग. साठ हजारांची होती.” आम्ही नुसते बघत राहिलो. इतकी वर्षं अर्थाचा अनर्थ शिकवला, पण ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ त्याने आम्हाला शिकवला. करार न करणाऱ्या खोलीचं भाडं कमी असतं ते त्यातून काहीतरी काढून घेतलेलं असतं म्हणून. राहण्याचा पुरावा, डिपॉझिट परत मागण्याचा आधार, हे सगळं.

त्या वर्षी त्याचा अर्ज राहिला. नवी खोली शोधायला तो निघाला तेव्हा आम्ही दोनदा सोबत गेलो. फोनवर भाडं ठरायचं. समोर गेल्यावर प्रश्न यायचे. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? आणि मग सहज विचारल्यासारखं, “पूर्ण नाव काय?” आडनाव सांगितल्यावर एका ठिकाणी खोली कालच गेलेली निघाली. आज सकाळी एजंटने तिचा फोटो पाठवला होता.

हे नवं नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातलं उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पैसे होते, पदवी होती, नोकरी होती. परवानगी नव्हती. आम्ही मघापासून त्या ‘लिव्ह’ शब्दाला धरून बसलोय ते यासाठी.

पूर्वी ही परवानगी ओळखीतून मिळायची. कोकणातल्या गावांनी लालबाग-परळला खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, गावचा पोरगा आला की तिथे वळकटी टाकायचा. गोव्याच्या गावांचे धोबीतलावला ‘कूड’ होते, काही अजून आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, कारण सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात सगळे येतातच असं नाही, हे त्यांना दिसलं होतं. हे सगळे ओळखीचे मार्ग. पण ज्याचं गाव मुंबईत आधी पोचलेलंच नाही, त्याने काय करायचं?

इथे कांट उपयोगी पडतो. १७९५च्या चिरंतन शांततेवरच्या निबंधात तो अनोळखी माणसाच्या हक्काबद्दल लिहितो. दारात आलेल्या परक्याला शत्रू न मानलं जाण्याचा हक्क आहे. ही भूतदया नव्हे, हा हक्कच, असं तो बजावतो. मात्र घरात पाहुणा म्हणून राहायचं तर त्यासाठी वेगळा करार लागतो. स्वतः कांट जवळजवळ साठीपर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहिला, शेजारचा कोंबडा आरवतो म्हणून एकदा त्याने जागा बदलली. त्यामुळे हे तो निव्वळ पुस्तकी बोलत नसावा! आपली परंपरा अतिथीला देव म्हणते. अ-तिथी, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. परवानाधारक त्याच्या बरोबर उलट, येण्याची आणि जाण्याची दोन्ही तिथ्या पहिल्या पानावर छापलेल्या. ऐकायला रूक्ष आहे. पण देव व्हायला ओळख लागते, परवानाधारक व्हायला आधार कार्ड पुरतं. ज्याच्याजवळ ओळख नाही त्याला हा रूक्ष कागद जास्त लागतो. काकूंकडे आमचा असा कागद असता, तर भावाच्या एका वाक्यावर त्या घाबरल्या नसत्या.

नांदेडच्या मुलाला शेवटी भांडुपला खोली मिळाली, आधीपेक्षा महिना अडीच हजारांनी महाग, दोन स्टेशनं लांब. मालकाने करार नोंदवला. पुढच्या वर्षी त्याचा अर्ज मंजूर झाला.

आणि ती मुलगी आज इथे बसली आहे, मघाशीच भेटली. मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला दोन मैत्रिणींबरोबर वन आरके बघून आली आहे, मालकीणबाई नोंदणीला तयार आहेत. तिने विचारलं, “करार एकीच्याच नावावर केला तर चालेल का सर, सोपं पडेल?” नको. तिघींची नावं घाला, तिघींचे अंगठे द्या. डिपॉझिट कुणी किती दिलं तेही लिहून घ्या, आणि शक्यतो बँकेतून द्या. एकीचंच नाव असेल तर कायद्याने ती राहणारी आणि उरलेल्या दोघी तिच्याकडे आलेल्या पाहुण्या. ती मध्येच लग्न ठरून गावी गेली तर तुम्ही दोघींनी कुठे जायचं? पोलिसांना माहिती कळवायची ती मालकीणबाईंनी, ऑनलाइन होते, त्यातही तिघींची नावं आहेत का बघा. सोसायटी जादा पैसे मागू लागली तर त्यांना सांगा, की बिगरवापर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१चा शासन निर्णय आहे, आणि ते मालकाने भरायचं असतं. बाकी पाणी किती वाजता येतं ते मात्र आम्हाला विचारू नका, शेजारच्या दारावर टकटक करून विचारा.