खुर्ची रिकामी करण्याचा अधिकार कोणाचा?

मतपत्रिकेवर कोणाचेही नाव नाही, केवळ दोन खुर्च्या छापलेल्या आहेत, एक भरलेली व एक रिकामी, असे दृश्य गोंदिया जिल्ह्यातील मतदाराने अद्याप पाहिलेले नाही. बाघ नदीपलीकडच्या मध्य प्रदेशात आणि देवरीच्या पुढे लागणाऱ्या छत्तीसगडात, जेथे आपल्या असंख्य कुटुंबांच्या सोयरिकी आहेत, ही मतपत्रिका लोकांच्या परिचयाची झाली. मध्य प्रदेशातील अनूपपूर येथे २००१ साली मतदारांनी आपल्या नगराध्यक्षांना मुदत संपण्यापूर्वीच मतपेटीद्वारे पदावरून उतरविले. छत्तीसगडात गुंडरदेही, नवागड व राजपूर या तीन लहान शहरांनी २००८ साली तेच केले. राजस्थानातील मांगरोळ येथे २०१२ साली असेच मतदान झाले, तेव्हा तेथील मतदारांनी मात्र अध्यक्षांना पदावर कायम ठेवले. म्हणजे हा अधिकार हाती आला की लोक डोळे मिटून तलवार चालवितात, ही भीती अनुभवाला धरून नाही.

निवडलेला प्रतिनिधी परत बोलावण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी १९२५ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात ती नमूद केली होती. १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी ती पुन्हा जनतेपुढे मांडली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९११ साली ती आपल्या घटनेत समाविष्ट केली. तिच्या आधारे तेथील मतदारांनी २००३ साली एका गव्हर्नरला घरी पाठविले आणि २०२१ साली दुसऱ्याला राखले. तेव्हा प्रश्न उरतो तो आपल्या महाराष्ट्राचा. येथे सरपंचाला पायउतार करण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती आहे?

महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची निवड थेट मतदारांकडून करण्याचा कायदा झाला. २०२० साली तो मागे घेण्यात आला आणि २०२२ साली पुन्हा लागू झाला. ज्याला संपूर्ण गावाने निवडले त्याला मूठभर सदस्यांनी काढावे हे विसंगत ठरेल, हे ओळखून कायद्याने अविश्वासाच्या ठरावावर दोन बंधने घातली. निवडीनंतर पहिली दोन वर्षे असा ठराव आणता येत नाही. त्यानंतर तो तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला, तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो कायम व्हावा लागतो. वरवर पाहता गावाला शेवटचा शब्द मिळाला. परंतु पहिला शब्द? तो सदस्यांकडेच राहिला. सदस्यांनी ठराव आणलाच नाही तर गावाला मतदानाची संधीच नाही. उरतात ते दोन मार्ग : अपात्रतेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे, अथवा गैरवर्तनाच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्तांच्या निर्णयाची वाट पाहणे. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील शेतमजुराने नागपूरच्या कार्यालयापर्यंत किती खेपा घालाव्यात, हे वाचकांनीच ठरवावे. नगराध्यक्षाच्या बाबतीत तर मतदाराच्या मतपेटीचा एवढाही टप्पा ठेवलेला नाही.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे लागू पडतो. कोणत्याही अधिकाराचा वापर कसा होतो हे त्या अधिकाराच्या किमतीवरून ठरते. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सहा जण एकत्र आले की तीन चतुर्थांशाचा हिशेब पूर्ण होतो. सहा माणसांची मनधरणी करणे, त्यांना कोठे तरी सहलीला नेऊन ठेवणे, हा खर्च एखाद्या धनिकाला सहज पेलतो. तेच गाव पंधराशे मतदारांचे असेल आणि पुढाकारासाठी एक चतुर्थांश मतदारांच्या सह्या लागत असतील, तर पावणेचारशे उंबरठे झिजवावे लागतील. पावणेचारशे माणसे विकत घेणे कठीण. त्यांना पटवून देणेच स्वस्त पडते. पुढाकार सदस्यांकडे ठेवल्यामुळे अविश्वासाचा ठराव हे सौद्याचे साधन बनते. कंत्राट अमक्याला द्या, नाहीतर ठराव आणतो, अशी कुजबुज होत राहते. ज्या सरपंचाने सदस्यांना वाटेकरी करून घेतले त्याला ठरावाची भीती नसते. ज्याने कोणालाही वाटेकरी केले नाही, त्याला मात्र ती सतत असते.

आणि आज या खुर्चीचे मोल पूर्वीसारखे अल्प राहिलेले नाही. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. तो खर्च करताना सरपंच व ग्रामसेवक या दोघांच्या सह्या लागतात. आपल्या जिल्ह्यातील सुमारे साडेपाचशे ग्रामपंचायतींत नळयोजनेची देखभाल, रोजगार हमीची कामे, नाल्या व रस्ते यांचे निर्णय याच खुर्चीभोवती फिरतात. जेथे पैसा वाढला तेथे जाब विचारण्याचे साधनही त्या प्रमाणात वाढावयास हवे होते.

मतदारांच्या पुढाकाराने गुप्त मतदान घेणे महाराष्ट्राच्या प्रशासनाला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली व आडवी बाटली अशा चिन्हांवर मतदान घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील पंचवीस टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, तारीख ठरते व मतदान घेतले जाते. निम्म्यापेक्षा अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. ही टक्केवारी केवळ हजर मतदारांची नसून यादीतील एकूण मतदारांची असते, म्हणून विजय सोपा नसतो. तरीही अनेक गावांतील स्त्रियांनी तो मिळविला. दारूच्या दुकानापाठीमागे पैसा व दहशत दोन्ही असतात. त्यांच्यासमोर उभे राहण्याइतके शहाणपण ज्या मतदारांत आहे असे शासन मानते, त्याच मतदारांना सरपंचाच्या खुर्चीविषयी पहिला शब्द का नसावा?

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, घरपट्टी वसूल करणारा किंवा अतिक्रमण हटविणारा सरपंच लोकांना अप्रियच होणार. परत बोलावण्याची टांगती तलवार असेल तर तो कोणतेही कठोर काम हाती घेणार नाही. दुसरा आक्षेप याहूनही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात निम्मी सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठीही आरक्षण आहे. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या गावाची सत्ता होती त्यांना हा बदल रुचलेला नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाला अपात्र ठरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केला. एका स्त्रीच्या हुकमाखाली गाव चालते हे ग्रामस्थांना मानवले नाही, असे निरीक्षण त्या वेळी न्यायालयाने नोंदविले. मतदारांचा बहुसंख्य गट जातीच्या नावाने एकवटला तर मतपेटीदेखील अन्यायाचे हत्यार होऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि विचखेड्याच्या त्या सरपंचाला अपात्र ठरविणारी यंत्रणा मतपेटीची नव्हती. ती अर्जाची व कार्यालयाची होती. आजच्या व्यवस्थेत दुर्बल घटकातील सरपंच सुरक्षित आहे असे समजून नव्या व्यवस्थेला विरोध करणे हा भ्रम ठरेल. उपाय अटींमध्ये शोधला पाहिजे. पहिल्या दोन वर्षांचे संरक्षण कायम असावे आणि संपूर्ण मुदतीत असे मतदान एकदाच व्हावे. मागणीअर्जावर एक चतुर्थांश मतदारांच्या सह्या असाव्यात व तहसीलदाराने त्या तपासाव्यात. अर्जात कारणे लेखी द्यावीत आणि सरपंचाचे लेखी उत्तरही तितक्याच ठळकपणे चावडीवर लावले जावे. मतदान सभेच्या गर्दीत न होता निवडणुकीप्रमाणे दिवसभर व्हावे, म्हणजे रोवणीला गेलेली मजूर स्त्रीही सायंकाळी येऊन मत देऊ शकेल. सरपंचाला काढण्यासाठी आडव्या बाटलीचाच दंडक ठेवावा : एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते. खुर्ची रिकामी झालीच तर ती त्याच राखीव प्रवर्गातून, थेट निवडणुकीने भरावी. म्हणजे जातीच्या ईर्ष्येने खुर्ची रिकामी करणाऱ्यांच्या पदरी त्यांना हवा तो वारसदार पडणार नाही.

एवढे करूनही एक उणीव राहीलच. सरपंचाने कारभार चांगला केला की वाईट, हे मतदाराने कशावरून ठरवावे? हिशेब वाचले जात नाहीत तेथे सह्यांची मोहीम म्हणजे केवळ अफवांची फेरी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. तिच्या गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. एवढीही हजेरी न लागल्याने सभा तहकूब होणे हे नेहमीचेच आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मग जमाखर्च दहा-वीस जणांसमोर वाचला जाऊन मंजूर होतो. येथे शिक्षक, कारकून व महाविद्यालयीन विद्यार्थी यांची जबाबदारी मोठी आहे. जमाखर्चाचा तक्ता वाचता येणारी माणसे आता प्रत्येक गावात आहेत. त्यांनी तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखविला, मोजमाप पुस्तिका मागितली, तर निम्मे गैरव्यवहार परत बोलावण्याच्या पायरीपर्यंत पोहोचणारच नाहीत.

परत बोलावण्याचा अधिकार वारंवार वापरण्यासाठी नसतो. तो आहे एवढ्यानेच सरपंचाचे लक्ष सहा सदस्यांकडून पंधराशे मतदारांकडे वळते, आणि हा त्याचा खरा उपयोग आहे. थेट निवडणुकीने गावाला सरपंच बसविण्याचा हक्क मिळाला आहे. त्याला उठविण्याचा पुढाकारही त्याच गावाकडे सोपविण्यासाठी राज्य विधिमंडळाने ग्रामपंचायत कायद्यात दुरुस्ती करावी. आडव्या बाटलीच्या मतदानाने तिचा नमुना अगोदरच तयार करून ठेवला आहे.