ज्याचा खांदा त्याचा कोट

मराठीत खांद्याला फार मान आहे. आपण खांद्याला खांदा लावून लढतो, पोराला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवतो आणि शेवटी चौघे मिळून खांदा देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण करतो, तीही हळद-लोण्याने. नवरदेवाच्या खांद्याला मात्र लग्नाच्या दिवशी रजा असते. त्याच्या जागी भाड्याच्या सुटातला कापूस उभा राहतो.

तिकोणा पेठेतल्या एका मांडवात हे मी पुरते पाहिले. भाताची पोती वाहून कमावलेले मुलाचे खांदे काय वाईट होते? पण कोटाचे खांदे त्याहून दोन बोटे पुढे गेलेले. हार घालायला त्याने हात वर केले, तसा सगळा कोट कानांपर्यंत चढला. वऱ्हाडी हसले, मुलगा ओशाळला.

एका जुन्या शिंप्याने मला कारण समजावून सांगितले. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापसाचे पॅड घातले, छातीला कडक कॅनव्हास लावला, की कोटाला स्वतःचा आकार येतो. मग आत माणूस कोणीही असो. पॅड काढले किंवा अगदी पातळ ठेवले, तर कोट सदऱ्यासारखा अंगावर पडतो. ‘मग खांदा उतरता असेल तर उतरताच दिसणार,’ तो म्हणाला, ‘आणि कापताना चूक झाली तर लपवायला जागा नाही.’

असा बिनकापशी कोट अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षे टिकून आहे. न्यूयॉर्कच्या ‘ब्रूक्स ब्रदर्स’ या १८१८ साली सुरू झालेल्या दुकानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रूढ केला. त्याला ‘सॅक कोट’ म्हणतात. खांदा नैसर्गिक, पुढच्या बाजूला डार्ट नाहीत, कंबरेत आवळलेला नाही. येल, प्रिन्स्टन, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी तो उचलला. उन्हाळ्यात तर आपल्या मद्रासच्या चौकड्यांच्या सुती कापडाचेच कोट ते घालू लागले. त्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे ‘टेक आयव्ही’ हे पुस्तक १९६५ साली जपानमध्ये निघाले आणि तिथल्या तरुणांनी तो वेश आपलासा केला. २०२० मध्ये ‘ब्रूक्स ब्रदर्स’वर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, दुकानाचे मालक बदलले. कोटाची आवड काही गेली नाही. जो कोट कुणाला मोठे करून दाखवत नाही, तो जुनाही लवकर होत नाही.

इथवर ठीक आहे. पण या साधेपणात एक मेख आहे. येलच्या मुलाला खांदे रुंद दाखवायची गरज नव्हती. बापाच्या नावावर त्याची जागा आधीच राखलेली होती. ज्याला जागाच नाकारली, त्याच्या अंगावरच्या कोटाचे काय?

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. त्यातूनच पुस्तके घ्यायची, घरीही पैसे पाठवायचे. पुढे ते जन्मभर सुटात वावरले. ही साहेबाची नक्कल, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी महाडची आठवण ठेवावी. कोणत्या जातीने काय नेसावे, कोणता दागिना घालावा, हे जिथे गाव ठरवत असे, तिथे डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, ते जड दागिने टाकून द्या. आपला वेश आपण ठरवायचा, हा त्यातला मुद्दा होता. त्यांचा सूट हेच सांगत होता. आमच्या मावळात तळेगावला त्यांचा बंगला आहे. जवळच देहूरोडला १९५४ साली त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा कोट आजही आहे.

बँकेच्या नोकरीत मी खांदेच फार पाहिले. पहिल्यांदा कर्ज मागायला आलेला शेतकरी खुर्चीच्या कडेला बसे, खांदे आत घेऊन, जणू जागाही उसनी घेतली आहे. शेवटचा हप्ता फेडायला तोच माणूस आला, की खुर्ची पूर्ण भरून बसे. अंगातला सदरा मात्र बहुतेक वेळा तोच असे.

म्हणून त्या नवरदेवाच्या कापसाला हसवत नाही. एक दिवस मोठे दिसावे, असे कुणाला वाटत नाही? फक्त एक सुचवावेसे वाटते. भाड्यात थोडी भर घालून गावच्या शिंप्याकडून एक साधा कोट शिवून घ्यावा, पॅड काढायला सांगावे. लग्नानंतरही तो अंगावर चढेल.

वडगाव मावळच्या न्यायालयात गेलात, तर तिथल्या तरुण वकिलांचे काळे कोट जरूर पाहा. त्यांत घरातल्या पहिल्याच पदवीधर मुली असतात. कोट रोजच्या वापराने मऊ पडलेले, कोपरांवर चकाकणारे, खांद्यावर नीट बसलेले. हात वर करून ‘मिलॉर्ड’ म्हटले, तरी ते कानांपर्यंत चढत नाहीत.