इथेनॉल वाढलं, ते गाडीला कसं कळतं?

कड्यातून नगरला निघालो की गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून ठेवायची सवय लागली आहे. डोळे रस्त्यावर, पण घरी आल्यावर त्यातली नोंद वाचायला फार मजा येते!

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे त्याला सुमारे ९ किलोच पुरते. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल; त्याचं प्रमाण १३.५च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. हे गाडीला कोण सांगतं? सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ व्होल्टकडे उतरतं, कमी उरला तर ०.९ कडे चढतं. ते पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टर किंचित जास्त किंवा कमी वेळ उघडा ठेवतो. ही झाली स्कॅनरवर दिसणारी शॉर्ट टर्म ट्रिम, सतत हलणारी. तीच दुरुस्ती वारंवार करावी लागली की ईसीयू ती लाँग टर्म ट्रिममध्ये साठवतो. हेच त्याचं शिकणं, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ही शिकवण पुसली जाते. मग थोडे दिवस आयडलिंग अस्थिर वाटू शकतं. गाडी पुन्हा शिकत असते. मात्र लाँग टर्म ट्रिम अधिक १५-२० टक्क्यांवर अडकली तर दोष इथेनॉलच्या माथी मारू नका. आधी इनटेकच्या नळ्यांतली हवेची गळती तपासून घ्या.