पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

गुड फ्रायडेला सुट्टी का असते, असं वर्गात विचारून बघा. ‘येशू त्या दिवशी पुन्हा जन्मले’ असं एक तरी उत्तर येतंच. गुड फ्रायडे हा क्रूसावरच्या मृत्यूचा दिवस. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ईस्टर. आणि ‘पुन्हा जन्म’ हा शब्दही इथे चालत नाही. पुनर्जन्मात नवा देह, नवं नाव, आणि हे चक्र चालूच. पुनरुत्थानात मेलेला तोच माणूस देहासह उठतो, आणि पुन्हा मरत नाही.

ही कल्पना ख्रिस्ती धर्माकडे यहुद्यांकडून आली. त्यांच्या जुन्या लेखनात मेलेले बहुधा ‘शिओल’ नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात, बस. मातीत निजलेले जागे होतील, हे स्पष्टपणे येतं दानिएलाच्या पुस्तकात. ते इ.स.पू. दुसऱ्या शतकात, छळाच्या काळात पूर्ण झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. धर्मासाठी जीव दिलेल्यांना न्याय कधी मिळणार, हा त्यामागचा प्रश्न. येशूच्या काळीही एकमत नव्हतं: परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी साफ नाकारत.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली घरी मराठी बोलणारे यहुदी. त्यांचा लाडका संदेष्टा एलियाहू हन्नबी. तो मेलाच नाही, अग्निरथातून स्वर्गात गेला. त्याच्या नावाने ते मंगलप्रसंगी मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं, वर फळं. अलिबागजवळ खंडाळे इथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. (पोह्यांवरून हा धडा सुरू केला तर पोरं कान टवकारतात!) मृतांसाठी यहुदी ‘कद्दिश’ म्हणतात, त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, देवाची स्तुती आहे.

आपल्याकडे अमरावतीला कॅथलिक धर्मप्रांत आहे, तेव्हा वर्गात ख्रिस्ती मूल असू शकतं. त्याचे आजोबा वारले तर बाकीची पोरं विचारणारच, ‘जाळत का नाही?’ तेव्हा संत पौलाचा बियाण्याचा दाखला द्या. वऱ्हाडातल्या पोरांना तो लवकर कळतो: सरकी टोबली की ती मातीत संपते, आणि उगवतं ते सरकीसारखं दिसत नाही, पण असतं तिचंच. दफनामागे ही आशा आहे. मात्र ‘ख्रिस्ती कधीच दहन करत नाहीत’ असं सांगू नका. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनालाही परवानगी दिली. राखेतूनही देव उठवू शकतो, असं ते मानतात.