तळ्याकाठचं शिक्षण : सात दशकांचा मागोवा

10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प जातीच्या माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि बंदिस्त पाण्यात त्यांचं प्रजनन घडवून आणलं. आज 10 जुलै हा दिवस देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो, तो याच घटनेमुळे. कटला, रोहू, मृगळ हे कार्प तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे तोवर बीज आणायचं ते पूर आलेल्या नदीतून, मुख्यतः बंगालमधून. त्यात हव्या त्या माशांबरोबर नको ते मासेही येत. अंगुलच्या प्रयोगाने ही परावलंबिता संपण्याची वाट मोकळी झाली.

या शोधाची दुसरी बाजू मात्र त्या दिवसाच्या भाषणांत क्वचितच येते. हे तंत्र पुस्तक वाचून कुणालाही जमण्यासारखं नव्हतं. पक्व माशाच्या डोक्यातून मोहरीएवढी ग्रंथी अखंड काढायची, अल्कोहोलमध्ये टिकवायची, वाटून अर्क करायचा. मादीला वजनाच्या हिशेबाने आधी लहान मात्रा द्यायची आणि सहाएक तासांनी मोठी. कोणती मादी तयार आहे हे पोटाच्या मऊपणावरून ओळखायचं. नराच्या छातीजवळच्या परावर बोट फिरवून खरखर लागते का ते पाहायचं. हे सगळं पावसाळ्यात, संध्याकाळी सुरू करून रात्रभर. ज्यांनी हे आत्मसात केलं, त्यांनी ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून, मासा हातात धरूनच केलं. मत्स्यशेतीतलं कौशल्य कसं शिकवावं लागतं, याचा नमुना अगदी सुरुवातीलाच आपल्यापुढे होता. पुढच्या सत्तर वर्षांत जिथे तो पाळला तिथे यश आलं आणि जिथे सोडला तिथे पैसा बुडाला, असं माझं मत आहे.

6 जून 1961 रोजी मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था सुरू झाली. राज्यांच्या मत्स्यखात्यांतले अधिकारी तयार करणं हा तिचा पहिला हेतू. 1979 मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि 1989 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातल्या मत्स्यखात्यांना जाणकार मनुष्यबळ मिळालं ते मोठ्या प्रमाणात या संस्थेमुळे, आणि त्याचं मोल कमी नाही. पण शिक्षणाची उतरंड तेव्हाच ठरून गेली. आधी अधिकारी शिकणार, मग तो शेतकऱ्याला सांगणार, आणि तळ्यावरच्या राखणदारापर्यंत काही पोचलं तर पोचलं. महाराष्ट्रात सातपाटी, वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशा किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रांत कोळ्यांच्या मुलांना इंजिन आणि नौकानयन शिकवलं जाई. मासे पकडणं तिथे होतं. मासे वाढवणं शिकायला जागा फारशी नव्हती.

शेतकरी प्रथम समोर आला तो 1971 नंतर. त्या वर्षी संमिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला आणि 1973-74 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा उभ्या राहू लागल्या. या यंत्रणांनी तळं भाडेपट्ट्याने मिळवून दिलं, बँकेच्या कर्जाची वाट दाखवली आणि प्रशिक्षणाला येणाऱ्याला भत्ताही दिला. मजुरी बुडवून कोणी शिकायला येत नाही, ही साधी गोष्ट इथे एकदाची मान्य झाली.

संमिश्र संवर्धन म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला चंदेरी, गवत्या आणि सायप्रिनस. वरच्या, मधल्या, तळाच्या थरातलं अन्न प्रत्येकाने आपापलं खायचं. ऐकायला सोपं, करायला वर्षभराचं काम. उन्हाळ्यात भक्षक मासे काढण्यासाठी हेक्टरी अडीच हजार किलोच्या आसपास मोहाची पेंड टाकायची. तिचं विष दोन-तीन आठवड्यांनी उतरतं आणि पेंडीचं खत होतं. मग चुना, मग शेण, मग पाणी हिरवं होण्याची वाट. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं, वेगळ्या खड्ड्यात वाढवून बोटाएवढी, म्हणजे बोटुकली, झाल्यावरच मोठ्या तळ्यात सोडायची, तीही हेक्टरी पाच-सहा हजारांच्या घरात. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी. महिन्यातून एकदा ओढजाळ टाकून वाढ बघायची. सकाळी उजाडण्यापूर्वी मासे पाण्याच्या वर तोंड काढताना दिसले, तर प्राणवायू संपत आल्याचं ओळखून खाद्य आणि खत त्याच दिवशी थांबवायचं. ज्या तळ्यांतून वर्षाला हेक्टरी पाच-सहाशे किलो मासळी निघत होती, तिथे ती दोन हजारांच्या वर गेली. तंत्र नवं होतं हे खरं, पण उत्पादन वाढलं ते तळ्यावर रोज जाणाऱ्या, बघणाऱ्या माणसामुळे.

आंध्रच्या कृष्णा-गोदावरी पट्ट्यात आणि कोल्लेरू सरोवराच्या काठाने ही विद्या पुढे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली. तिथल्या शेतकऱ्यांनी सहा जाती सोडून दोनच ठेवल्या, रोहू आणि कटला, आणि बोटुकली वर्षभर दाटीत थोपवून मग तळ्यात सोडण्याची युक्ती रुजवली. थोपवलेली बोटुकली मोकळं पाणी मिळताच झपाट्याने वाढते. आज नागपूरच्या नि मुंबईच्या बाजारात बर्फातून येणारा रोहू बहुतेक तिकडचाच असतो. महाराष्ट्रात पाणी कमी नव्हतं. धरणं होती, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव होते, भोई आणि ढीवर समाजाच्या सहकारी संस्था होत्या. कोणत्या पाण्यात कोणता मासा, कोणत्या वनस्पतीखाली त्याची अंडी, याचं पिढीजात ज्ञान ढीवरांकडे होतं. आपल्या प्रशिक्षणांनी ते ज्ञान विचारलंच नाही. जाळं विणणाऱ्या माणसाला शिकाऊ समजून कोऱ्या पाटीसारखं बसवलं, आणि त्याच्याकडे खरोखर नसलेली गोष्ट, म्हणजे बीज संगोपन आणि हिशेब, ती दोन-तीन दिवसांच्या वर्गात गुंडाळली. ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी वाटते.

कोळंबीचा धडा महागात पडला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची लाट आली आणि 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळीच्या तळी रिकामी केली. बीज तपासून घेणं, तळं वाळवून काळा गाळ काढणं, रोगट तळ्याचं पाणी शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय नाल्यात न सोडणं, या गोष्टी फार थोड्यांना माहीत होत्या. 2002 च्या सुमारास पश्चिम गोदावरीतल्या मोगलतुरू गावात सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने वेगळी पद्धत वापरली. छोट्या शेतकऱ्यांचा गट केला, एकाच वेळी तपासलेलं बीज सोडलं आणि पूर्ण पीक निघेपर्यंत तंत्रज्ञ गावातच राहिला. ती पद्धत टिकली; 2007 मध्ये त्यातूनच छोट्या कोळंबी शेतकऱ्यांच्या गटांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली. कुणाच्या हाती प्रमाणपत्र दिलं, यापेक्षा कुणाचं तळं वाचलं, हे तिथे मोजलं गेलं.

मधल्या काळात आपल्याकडे 1981 मध्ये रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यमहाविद्यालय सुरू झालं, नंतर नागपूर आणि उदगीरलाही. पदवीधर हुशार निघतात. त्यातले बरेच स्पर्धा परीक्षेकडे आणि बँकेकडे जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण तळ्यावर नोकरी देणारा मालक पदवीधराला पगार देत नाही आणि न शिकलेल्या मजुराला शिकवत नाही. दोघांमधला, हातांनी काम करणारा आणि पाणी मोजता येणारा माणूस आपण घडवलाच नाही.

तो नसल्याची किंमत गेल्या दहा वर्षांत दिसली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मासे सोडायचा सल्ला सर्वत्र मिळाला. पण त्या तळ्याला मातीचा तळ नसतो, काठ उभे आणि निसरडे असतात, ओढजाळ नीट लागत नाही. जुन्या तळ्याचे आकडे तिथे चालत नाहीत हे कोणी सांगितलं नाही. जलाशयांत पिंजरे आले. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, चार मीटर खोल पिंजऱ्यात हजारो पंगस मासे. तिथे जाळीवरचं शेवाळ काढणं, पाण्याखाली जाळी फाटली का ते तपासणं, लहानमोठे मासे वेगळे करणं हीच खरी विद्या आहे.

आणि बायोफ्लॉक. 2018-19 नंतर गोल टाक्यांची जी लाट गावोगाव गेली, ती शिकवणीच्या नावाखाली गेली. एका दिवसाचा वर्ग, मोबाईलवरच्या चित्रफिती, आणि शेवटी टाकी विकत घेण्याचा आग्रह. ज्याला टाकी विकायची आहे तोच गुरू, अशी व्यवस्था होती. या पद्धतीत माशांच्या विष्ठेतलं नत्र जिवाणूंकडून खाद्यात बदलून घ्यायचं असतं. त्यासाठी गूळ किंवा मळी किती घालायची हे रोजच्या अमोनियाच्या मोजणीवर ठरतं, आणि हवा सोडणारा पंप थांबला तर दाटीतले मासे थोड्याच वेळात दगावतात. ज्या गावात रात्री वीज जाते तिथे जनरेटर आणि जागा माणूस, हा पहिला धडा हवा होता. तो बहुतेक ठिकाणी शिकवला गेला नाही. कर्ज काढून टाक्या उभारलेली किती तरी तरुण मुलं यात होरपळली. त्यांच्या आळसाला किंवा घाईला बोल लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

याच काळात चांगलंही घडलं. सिंधुदुर्गात वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या पुढाकाराने बचत गटांतल्या बायकांनी खाडीत खेकडे वाढवले, कालवं आणि शिनाणे वाढवले. खाडीचं पाणी, भरती-ओहोटी त्यांच्या अंगवळणी होतीच. बीज कुठून आणायचं आणि कुंपण कसं घालायचं एवढंच नवं होतं. जे माहीत आहे त्याला जोडून शिकवल्यावर लोक किती लवकर शिकतात, हे तिथे दिसलं. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, 20,050 कोटींची. 2021 मध्ये भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘मत्स्यसेतू’ हे मोबाईल अ‍ॅप आणलं. त्यातले धडे चांगले आहेत आणि उजळणीला उपयोगी पडतात. 1950-51 मध्ये साडेसात लाख टन असलेलं देशाचं मत्स्योत्पादन 2022-23 मध्ये 175 लाख टनांवर गेलं, आणि त्यातला तीनचतुर्थांश वाटा गोड्या आणि निमखाऱ्या पाण्याचा आहे. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला.

दर्जा मिळाला, आता प्रशिक्षण शेतीच्या वेळापत्रकाने व्हावं. चुना टाकण्यापासून मासळी काढेपर्यंतचा पूर्ण हंगाम हाच अभ्यासक्रम असावा. वर्गात तळ्याच्या मालकाइतकीच जागा राखणदाराला असावी, घरातल्या बाईला असावी, आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता 1970 च्या दशकासारखा द्यावा. अनुदानाचा पहिला हप्ता टाकीच्या बिलावर न देता या हंगामाच्या शेवटी द्यावा. खात्याला हे अवघड नाही. पूर्ण हंगामभर तळ्यावरच शिकवणं मोगलतुरूत होऊन गेलेलं आहे.

आणि मत्स्यशेतीत उतरू पाहणाऱ्या वाचकाला विनंती एवढीच, की टाकीचं कोटेशन मागवण्याआधी जवळपासच्या एखाद्या चालत्या तळ्यावर एक पावसाळा ते उन्हाळा काम करा, पहाटे उठून पाणी बघा, जाळं ओढा, हिशेबाची वही स्वतः लिहा. त्यानंतरही हा धंदा करावासा वाटला, तर जरूर करा.