चौकट : चार मतदारसंघ, नऊ तालुके

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ, विधानसभेचे मतदारसंघ मात्र चार : जिंतूर (क्र. 95), परभणी (96), गंगाखेड (97) आणि पाथरी (98). साहजिकच बहुतेक आमदारांच्या वाट्याला दोन-तीन तालुक्यांचे रस्ते, पाणी आणि पीकविम्याची गाऱ्हाणी येतात. जिंतूरला सेलूची जोड आहे, तर गंगाखेडला पालम आणि पूर्णेची.

हा नकाशा पूर्वीपासून असा नव्हता. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पुढे 2008च्या पुनर्रचनेत सिंगणापूर मतदारसंघच नकाशावरून गेला आणि पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला गंगाखेड खुला झाला. परभणी तालुक्याची वाटणी तर विशेष लक्षात ठेवावी अशी : शहर एका मतदारसंघात, तालुक्यातली काही गावे मात्र पाथरीत. जिल्ह्याच्या ठिकाणी रोज ये-जा करणाऱ्या या गावांचा आमदार वेगळा.

लोकसभेला सीमा आणखी रुंदावते. जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगीही परभणीतच मोजले जातात.

2024च्या विधानसभेत या चार जागांवर चार वेगळे पक्ष निवडून आले : जिंतूरला भाजप, परभणीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), गंगाखेडला राष्ट्रीय समाज पक्ष, पाथरीत राष्ट्रवादी काँग्रेस.