सात वाजताचा भोंगा

मोहरमला कडेगावला जायचा माझा नेम फार जुना आहे. तिथले गगनचुंबी ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला सांगली-साताऱ्यातून माणसं लोटतात. ताबूत उभारणाऱ्यांत हिंदू घराण्यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळं त्या गर्दीत कोण कुठला हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं एक गाव आहे. आज बोलायचं आहे ते त्या गावाबद्दल. खरं तर गावाबद्दलही नाही, तिथल्या ग्रामपंचायतीनं केलेल्या एका लहानशा कामाबद्दल.

१५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते त्यानं लावावं. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. (त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भोंगा हा शब्द महाराष्ट्रात वेगळ्याच कारणानं गाजत होता. ती आठवण इथं काढत नाही.)

हे सुचलं कशातून? करोनाच्या काळात शाळा बंद होत्या आणि अभ्यास मोबाईलवर आला होता. शाळा उघडल्या तेव्हा मुलं परत आली, पण हातातला मोबाईल सुटेना. लिहा-वाचायचा कंटाळा, लक्ष ठिकाणावर नाही, अशी शिक्षकांची तक्रार सुरू झाली. त्यात खेड्यातल्या घरात अभ्यासाची वेगळी खोली कुठून असणार? ज्या खोलीत टीव्ही, त्याच खोलीत पुस्तक. आई मालिका पाहणार आणि पोराला म्हणणार, तू अभ्यास कर. तत्कालीन सरपंच विजय मोहिते आणि गावकरी यांनी स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांची सभा बोलावली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. कायद्यानं कुणाच्या घरातला टीव्ही बंद करता येत नाही. तो शेजारच्यांच्या लाजेनं बंद होतो, आणि लाज निर्माण करायला उंबरे झिजवावे लागतात. पुढं ही कल्पना सांगली जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावात गेली, बेळगावजवळच्या हलग्यापर्यंत गेली.

मला हे काम फार मोठं वाटतं. त्याचं कारण माझ्या लहानपणात आहे.

आमचं घर एका खोलीचं. माणसं सात आणि दिवा एक. वडील सायकली दुरुस्त करायचे. घरात बोली दखनी, शाळा मराठी. गावात नगरपालिकेचं वाचनालय होतं. मगरिबची नमाज झाली की वडील मला म्हणायचे, ‘जा, उजेडात जाऊन बस.’ वाचनालयाचा उजेड फुकट होता, हा त्यातला मुख्य हिशेब. तिरप्या लाकडी फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली, मधे लांब टेबल, भिंतीवर ‘शांतता राखा’. तिथला शिपाई साडेआठला किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा. पण मी पुस्तकात बुडालेला दिसलो की आधी खिडक्या लावायचा, मग कपाटं, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा सगळ्यात शेवटी. मी मराठीत कविता लिहू लागलो त्याचं श्रेय अनेकांना देतो, त्यात त्या शिपायाचं नाव द्यायचं बऱ्याचदा राहून जातं. पुढं त्या वाचनालयाच्या जागी दुकानाचे गाळे निघाले. पुस्तकं वरच्या मजल्यावर गेली आणि वेळ झाली सकाळी अकरा ते पाच. म्हणजे मुलं शाळेत आणि माणसं कामावर असतानाची. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण बऱ्याच गावांची हीच कथा आहे.

असं का होतं, हे जरा कायद्यातून पाहू. महाराष्ट्रातल्या नगरपालिका १९६५ च्या अधिनियमानं चालतात. त्यात कामांच्या दोन याद्या आहेत, एक बंधनकारक आणि दुसरी ऐच्छिक. दिवाबत्ती, गटारं, पाणी हे बंधनकारक. वाचनालय, संग्रहालय, बागा हे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर, आणि कुठल्या पालिकेत पैसे उरतात? पुढं १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात विसावा ग्रंथालयं आणि एकविसावा सांस्कृतिक कार्यक्रम. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांपैकी तेरावा आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन. ‘सौंदर्यविषयक’ हा शब्द गटारं आणि कत्तलखाने यांच्याच यादीत पाहून माझ्यातल्या कवीला गंमत वाटली होती. पण यादीत विषय आला म्हणजे अंदाजपत्रकात रक्कम आली असं नाही. आणि रक्कम आली तरी ती आधी इमारतीकडं धावते. इमारतीचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं तर फोटो कशाचा काढणार?

इमारत न बांधता काय होतं, हे आपल्या सातारा जिल्ह्यानंच दाखवलं आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. योजना राज्य शासनाची, काम राज्य मराठी विकास संस्थेचं, कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. फरक एवढाच की तिथं पुस्तकांची दुकानं आहेत, भिलारला लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या आणि ओसऱ्या दिल्या. सुरुवातीला २५ ठिकाणं आणि सुमारे १५ हजार पुस्तकं होती. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसानं परक्याला घरात घेऊन ‘बसा, वाचा’ म्हणावं, याचं मला अप्रूप आहे. तरी मनातली शंका सांगतो. भिलार हे पाहुण्यांना डोळ्यांपुढं ठेवून सजलेलं गाव आहे आणि पाहुणे पुस्तकांपेक्षा रंगवलेल्या भिंतींसमोर जास्त रमतात. वडगावात पाहायला काही नाही. तिथं जे झालं ते गावानं आपल्याच पोरांसाठी केलं, आणि खर्च एका भोंग्याचा.

सातारा शहरात १ ते ४ जानेवारी २०२६ या काळात ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. विश्वास पाटील अध्यक्ष होते. १९९३ नंतर साताऱ्याला हा मान पुन्हा मिळाला. त्याच्या आदल्याच महिन्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, राज्यातल्या नगरपालिकांच्या रखडलेल्या निवडणुका एकदाच्या झाल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक कारभार पाहत होते, तिथं पुन्हा नगरसेवक आले. म्हणजे आता विचारायला माणूस आहे. नाट्यगृह कधी होणार, हे आपण विचारतोच. पण पालिकेचं वाचनालय किती वाजता बंद होतं, हेही विचारून पाहा. उत्तर द्यायला बहुतेकांना कुणाला तरी फोन करावा लागेल.

वडगावचं ऐकून आमच्या घरीही आम्ही दीड तास पाळायला घेतला. भोंगा नव्हता, म्हणून सातला मी पितळी ताटावर चमचा वाजवला. पाचव्या मिनिटाला नात म्हणाली, ‘नाना, तुमच्या हातात काय आहे?’ माझ्या हातात मोबाईल होता. एका शब्दाचा अर्थ पाहत होतो, असं मी सांगितलं. तिनं उठून कपाटातला शब्दकोश आणून माझ्या पुढ्यात आपटला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पालिकेत एक अर्ज दिला. वाचनालय संध्याकाळी सहा ते नऊ उघडं ठेवावं, एवढीच मागणी. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला, ‘नवीन इमारत पाहिजे का?’ म्हणून विचारलं. नको, आहे त्याचीच किल्ली संध्याकाळी फिरवा, म्हटलं. त्यानं पोचेचा शिक्का मारून दिला आहे.